गिनती बरोबर भरली

त्या दिवशी सकाळी आम्ही देवासहून एकोणीस जण निघालो. दुपारी तलावाची पाळ फुटली. आम्ही अठरा जण परत आलो. पाळ फुटण्याआधी हजेरी झाली होती आणि हजेरीत एकोणीस भरले होते. हजेरी मी घेतली होती.

माजी सैनिकांच्या मंडळाबद्दल काहीतरी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मी नकार दिला होता. नंतर मीच फोन करून होकार कळवला. त्याचं कारण पुढे येईल. आधी मंडळ काय करतं ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की आम्ही सव्वीस जानेवारीला छातीवर पदकं लावून झेंड्यापुढे उभे राहतो आणि उरलेलं वर्ष आजारांच्या गप्पा मारतो.

देवास आणि धार मिळून आमचं एक मंडळ आहे. देवासला देवीच्या टेकडीच्या खाली एक खोली, त्यात एक टेबल, दोन कपाटं आणि माझा टाइपरायटर. बहुतेक सभासद शिपाई, नाईक, हवालदार. अध्यक्ष सुभेदारसाहेब, मूळचे बदनावरकडचे राजपूत. ते बोलतात हिंदी, रागावले की माळवी. आम्ही मराठी घरातले सहा-सात जण. मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात दरबारी कागद सांभाळायचं काम होतं. फौजेतही माझ्या वाट्याला तेच आलं. चोवीस वर्षांत बंदूक हातात आली ती वर्षातून एकदा, चांदमारीच्या दिवशी, आणि त्या दिवशीही माझे हात कापायचे. मी भित्रा माणूस आहे. हे मी इथे पहिल्यांदाच लिहितो आहे, पण माझ्याबरोबर नोकरी केलेल्या कुणालाही ते नवीन नाही.

माझं काम कागदांचं. टोंकखुर्दकडच्या एका म्हातारीचा नवरा पन्नास वर्षांपूर्वी फौजेतून आला आणि गेल्याच वर्षी वारला. त्याचे सगळे कागद वाळवीने खाल्ले होते. नाव आणि गाव एवढ्यावर रेकॉर्ड ऑफिस काही करू शकत नाही. एकाच नावाची शंभर माणसं निघतात. तिथे फौजेतला नंबर लागतो. म्हातारीला नंबर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मी तिच्या घरी जाऊन दोन तास ट्रंका उघडल्या. शेवटी तिने मला जेवायला वाढलं. ताट जड होतं, जुनं. मी ते उलटं केलं, तर मागे खिळ्याने टोचून नंबर कोरलेला. मेसमध्ये ताटं बदलू नयेत म्हणून शिपाई तसं करतात. ती बाई त्या ताटात रोज जेवत होती. मी नंबर उतरवून घेतला तेव्हा ती म्हणाली, "म्हणे तो लाग्यो बेल-बूटा हे." तिला वाटायचं, नक्षी आहे. अशा कामांचा मला अभिमान आहे. थोडा.

दुसरं काम गर्दीचं. नवरात्रात टेकडीवर माणूस मावत नाही. तेव्हा पायऱ्यांवर आमची माणसं उभी राहतात. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी हजेरी होते. ही हजेरी कशी असते ते नीट सांगायला हवं.

फौजेतली हजेरी दोन भागांची. आधी सगळे रांगेत उभे राहतात, हुकूम होतो, "गिनती कर", आणि एका टोकापासून माणसं ओरडत जातात: एक, दो, तीन. शेवटचा आकडा आला की किती जण आहेत ते कळतं. मग क्लार्क यादीतली नावं वाचतो आणि ज्याचं नाव येईल तो 'हाजिर' म्हणतो. त्यावरून कोण आहेत ते कळतं. गिनतीला पंधरा सेकंद लागतात. नावांना थोडा जास्त वेळ. घाईत लोक दुसरा भाग गाळतात. मी कधी गाळत नसे.

गाळू नये याचा अनुभवही मला आला होता. एका नवरात्रात आम्ही बावीस जण होतो आणि गिनती तेवीस भरली. नावं वाचली तेव्हा रांगेत एक शाजापूरचा किराणावाला सापडला. प्रसादाची रांग समजून तो आमच्यात उभा राहिला होता, आणि त्याची पाळी आल्यावर त्यानेही छाती काढून "नौ" म्हटलं होतं. सगळे पोट धरून हसले. माधवने त्याला सॅल्यूट ठोकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दप्तर, याला पेन्शन चालू कर."

माधव जगदाळे मला दप्तर म्हणायचा. इंजिनिअर पलटणीतला नाईक. पूल टाकणं, सुरुंग काढणं, नदीला बांध घालणं हे त्याचं आयुष्य. एका स्फोटानंतर त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून तो नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालायचा. संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीला फेरी घालायचो. तो माझ्या भित्रेपणाची चेष्टा करायचा, पण चारचौघांत कधी नाही. शाळेपासूनचा मित्र होता.

त्या वर्षी भाद्रपदात बदनावर तहसीलमधल्या एका गावाच्या तलावाला पाझर फुटला. गावाचं नाव मी लिहीत नाही. बचाव पथक निघालं होतं, पण वाटेतल्या नाल्याला पूर असल्याने ते अडकलं. आमच्या बाजूचा रस्ता उघडा होता. सुभेदारसाहेबांना ओळखीच्या माणसाचा फोन आला. ते मला म्हणाले, "बाबूजी, लिस्ट लाओ." मी यादी केली. एकोणीस नावं. अठरावर यादी संपवून मी थांबलो होतो. माधव म्हणाला, "आणि हजेरी कोण घेणार? चल, हवा खाऊन येशील." मी एकोणिसावं नाव माझं लिहिलं.

तलाव गावाच्या डोक्यावर होता. मातीची पाळ, दोन-अडीच पुरुष उंच. पाळेच्या खाली साठेक घरं, त्यांच्यापुढे सोयाबीन. बाजूला टेकडी, टेकडीवर शाळा. पाणी पाळेच्या काठापासून हातभर खाली होतं. मी पाळेवर चढलो तेव्हा एका बाजूला ते पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली घरांची कौलं दिसली. पाणी कौलांपेक्षा उंच होतं. मी यादी छातीशी धरून खाली उतरलो आणि सांगितलं की मी शाळेत बसून नोंदी ठेवतो.

माधवने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. पाळेतून पाणी झिरपतं यात घाबरण्यासारखं काही नाही. मातीची पाळ घाम गाळतेच. पाहायचं ते पाण्याचा रंग. नितळ येत असेल तर पाळ उभी आहे. गढूळ आलं की समजायचं, पाळेची माती आतून वाहून चालली, पोट पोकळ होतंय. आणि भोक बुजवायचं नाही. बुजवलं की पाणी दुसरीकडून फोडून निघतं. भोकाभोवती गोण्यांचं कडं करायचं, आत वाळू आणि खडी टाकायची, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. हे तो एखाद्या मास्तरासारखा सांगत होता. त्याच्या हातात काचेचा ग्लास होता. दर थोड्या वेळाने तो पाझराचं पाणी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरायचा.

निम्मे जण गोण्या भरायला लागले, निम्मे घरं रिकामी करायला. लोक जायला तयार नव्हते. एक आजी म्हशीच्या गळ्यात हात घालून बसली होती. म्हैस चढेल तरच मी चढेन, म्हणाली. सुभेदारसाहेबांनी म्हशीला दोघांकडून ढकलवत टेकडीवर नेलं आणि आजी मागून त्यांना शिव्या देत गेली. दुपारी दोनपर्यंत गाव रिकामं झालं. हे आमच्या मंडळाने केलं आणि त्यामुळे त्या गावात एकही माणूस गेला नाही. हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं.

गावातला एक माणूस मात्र वर गेला नाही. तोलाराम नावाचा शेतकरी, चाळिशीचा, पाच फूट उंच, दोन माणसांएवढं काम करणारा. आमच्याबरोबर तो सकाळपासून गोण्या वाहत होता. माधवने त्याला विचारलं, फौजेत का नाही गेलास? तो म्हणाला, गेलो होतो भरतीला, छाती भरली, उंची नाही भरली. माधवने आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. मंडळाची निळी टोपी, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर होती तशीच. "ले भिया, आज भरती हो गई तेरी." तोलारामने दिवसभर ती टोपी काढली नाही.

साडेतीनच्या सुमाराला माधव एकटा पाळेच्या दुसऱ्या टोकाला, सांडव्याकडे गेला. तिथे दुसरा पाझर दिसला होता. त्याच वेळी इकडच्या कड्यातलं पाणी गढूळ झालं. चहासारखं. सुभेदारसाहेबांनी शिट्टी फुंकली. सगळ्यांनी हातातलं टाकून टेकडी चढायची, असं ठरलेलं होतं. माणसं चिखलात घसरत वर आली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. शाळेपुढच्या अंगणात रांग लागली.

"गिनती कर."

एक, दो, तीन. पहिला आकडा सुभेदारसाहेबांनी स्वतःच म्हटला, तिथून आवाज माझ्या दिशेने येत गेले. सगळे चिखलाने माखलेले, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. सोलह, सत्रह, अठारह. शेवटी मी. "उन्नीस."

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. यादी माझ्या हातात होती, प्लास्टिकच्या पिशवीत. ती बाहेर काढली असती तर भिजली असती. पण कारण ते नव्हतं. माझी नजर रांगेत माधवला शोधत होती आणि तो मला दिसला नव्हता. हे मी इतके दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. दिसला नाही तरी असेल, असं मला वाटलं, कारण आकडा भरला होता. तो नसेल तर कुणाला तरी खाली जावं लागलं असतं, आणि मी त्या पाळेकडे पाहूही शकत नव्हतो. एकोणीस हा आकडा ऐकून मला बरं वाटलं. मी म्हणालो, "बरोबर है, साब."

रांग मोडली. शाळेच्या ओसरीत गावातल्या बायकांनी चहा केला होता. दहा मिनिटं गेली असतील. सुभेदारसाहेब आले आणि सहज म्हणाले, जगदाळेला विचारा, पाळ अजून किती वेळ धरेल. कुणी तरी म्हणालं, आत असेल. आत नव्हता. मागे पाहिलं. मागे नव्हता.

"गिनती तो उन्नीस थी," सुभेदारसाहेब म्हणाले. त्यांनी पुन्हा रांग लावली. पुन्हा आवाज येत गेले. पुन्हा एकोणीस भरले.

ती दुसरी गिनती मी अजून ऐकतो. एक माणूस नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि आकडा सांगत होता की सगळे आहेत. मी यादी काढली आणि वाचायला लागलो. सातवं नाव जगदाळे. कुणी हाजिर म्हटलं नाही. मी पुढे वाचत गेलो, कारण थांबायचं धैर्य नव्हतं. यादी संपली तेव्हा रांगेत एक माणूस असा उरला ज्याचं नाव मी घेतलं नव्हतं. तोलाराम टोपी घालून सावधान उभा होता. तो सोळावा होता. त्याचा चेहरा मी वर्णन करून सांगणार नाही.

सुभेदारसाहेब आणि आणखी दोघं उतारावरून धावले. ते अर्ध्यावर असताना पाळ बसली. आवाज फार झाला नाही. आधी मधला भाग खाली गेला, जसं कुणी खाली बसावं तसा, आणि मग पाणी आलं. घरांवरून गेलं.

माधव दोन दिवसांनी सोयाबीनच्या शेतात सापडला. सांडव्याच्या आवाजात त्याला शिट्टी ऐकू गेली नसणार. पहिल्या गिनतीपासून पाळ फुटेपर्यंत वीस मिनिटं होती. शाळेपासून सांडव्यापर्यंत जायला, पळत, सहा मिनिटं लागतात. एकोणीस नावं वाचायला एक मिनिटही लागत नाही. मी नंतर घरी घड्याळ समोर ठेवून वाचून पाहिली.

अहवाल मला लिहायचा होता. मी टाइपरायटरपुढे बसलो आणि मला काही सुचेना. सुभेदारसाहेब मागे उभे होते. त्यांची दाढी वाढली होती, त्या दोन दिवसांत ते म्हातारे झाले होते. ते म्हणाले, "लिखो, बाबूजी. सीटी के बाद भी अपनी मर्ज़ी से रुका. पाझर देखता रहा. भाभी का मान रहेगा, जगदाळे का भी." माझा मान राहील हे ते बोलले नाहीत. मी लिहिलं. एक चूक न करता टाइप केलं.

तेराव्याला माधवची बायको, शकुंतलावहिनी, मला म्हणाल्या, "भाऊजी, शिट्टी झाली तरी हे आले नाहीत?" मी म्हणालो, "थांबतो म्हणाले." त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचं वर्ष मी घाबरून काढलं. मंडळाचा सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. मी आजारी आहे सांगून गेलो नाही. वहिनींना कागदांसाठी खोलीवर यावं लागायचं. त्यांची पावलं जिन्यावर ओळखू यायची आणि मी कपाट उघडून कागद शोधायला लागायचो. त्या फौजीची बायको. छावण्यांत राहिलेल्या. हजेरी कशी होते हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. एक दिवस त्या विचारतील, गिनतीत हे कमी कसे नाही आले? त्यांनी विचारलं नाही. सही करून, नमस्कार करून जात राहिल्या. त्यांचं बोलणं मात्र कमी होत गेलं. माधवचं नाव त्यांनी माझ्यासमोर घेणंच सोडलं. मला वाटलं, त्यांना कळलं आहे.

वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात तोलाराम आला. बदनावरहून बस बदलत, खांद्यावर लसणाची पिशवी घेऊन. खोलीच्या उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, भाभीजींच्या घरी घेऊन चला. कशाला, विचारल्यावर म्हणाला, "ऊ नंबर म्हारो नी थो, बाबूजी. सब बोल्या तो हूं भी बोल्यो. उणके केणो हे." तो नंबर त्याचा नव्हता, हे त्याला वहिनींना सांगायचं होतं.

त्याला परत पाठवणं मला शक्य होतं. भाभीजी गावाला गेल्यात एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो निमूट गेला असता. शब्द माझ्या जिभेवर आलेही होते. त्या माणसाने शंभर किलोमीटर येताना वाटेत किती वेळा परत फिरायचा विचार केला असेल, हे त्याच्या पिशवी धरलेल्या हाताकडे पाहून मला कळत होतं. मी चपला घातल्या.

वहिनींनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. त्याने मान खाली घालून सांगितलं की रांगेत जगदाळेसाहेबांच्या जागी तो उभा होता, सोळावा नंबर त्याने म्हटला, दोन्ही वेळा. वहिनींनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पहिल्या वेळी नावं वाचली नव्हती?"

"नाही."

"कोण वाचणार होतं?"

"मी."

"आणि थांबतो म्हणाले ते?"

"तसं कुणी म्हणालं नाही, वहिनी. ते आम्ही लिहिलं. त्यांना कुणी बोलावलंच नाही."

मी ज्याला वर्षभर घाबरलो तो क्षण हाच होता, आणि मला वाटलं होतं त्या मला शाप देतील किंवा रडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षभर मी त्यांच्याशी भांडतेय, भाऊजी. फोटोपुढे दिवा लावताना विचारायची, घरी मी वाट बघतेय आणि तुम्ही तळ्यापाशी थांबलात? एवढी नकोशी झाले होते? श्राद्धाच्या दिवशी हात जोडले तेही रागानेच. आणि त्यांना तर यायचं होतं."

आम्ही त्यांना मान दिला असं समजत होतो. त्यांचा नवराच त्यांच्यापासून काढून घेतला होता.

मग त्यांनी तोलारामला विचारलं, "खाना खाया, भिया?" त्याने नकारार्थी मान हलवली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्याच्यासाठी पान घेतल्याचा आवाज आला. मला त्या आतूनच म्हणाल्या, "तुम्ही या आता." मी दारापर्यंत गेलो तेव्हा पुन्हा आवाज आला. "खोटं तुम्ही लिहिलंत ना? मग खरंही तुम्हीच लिहा. लोक वाचतील अशा ठिकाणी."

मी संपादकांना होकार कळवला तो त्याच संध्याकाळी. अहवालाची दुरुस्ती सुभेदारसाहेबांपुढे ठेवली, तर ते माळवीतून खूप बोलले आणि दोन महिने खोलीवर फिरकले नाहीत. नंतर येऊन त्यांनी सही केली.

मंडळाचं काम चालू आहे. हजेरी आता एक धारचा हवालदार घेतो. गाव टेकडीच्या बाजूला सरकून वसलं आहे. पाळ अजून बांधलेली नाही. तोलाराम महिन्यातून एकदा देवासला येतो, वहिनींकडे जेवतो आणि माझ्याकडे न येता बस पकडतो. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. घरातून आता अधूनमधून माधवचं नाव ऐकू येतं, असं त्यांचे शेजारी सांगतात.